हृदयाचा तगादा ओळखावा वेळीच

कर्जखाते एका रात्रीत बुडीत होत नाही, हे बँकेत काही वर्षे काढलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्यास ठाऊक असते. आधी हप्ता दोन-चार दिवस उशिरा येऊ लागतो, मग खात्यातील उलाढाल मंदावते, मग मालसाठ्याचे विवरणपत्र वेळेवर येईनासे होते. या खुणा दिसताच खात्यावर लक्ष ठेवावे, म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१४ साली अशा खात्यांसाठी तीन पायऱ्यांची वर्गवारी लागू केली. थकबाकी ३० दिवसांपर्यंत असेल तर पहिली पायरी, ६० पर्यंत दुसरी, ९० पर्यंत तिसरी. त्यापुढे खाते अनुत्पादक ठरते. खाते सावरण्याजोगे असतानाच ते सावरावे, हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू.

मानवी हृदयाच्या बाबतीत वैद्यकशास्त्रानेही अशीच वर्गवारी केली आहे. २०२१ साली जगभरातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 'हार्ट फेल्युअर'ची एक सर्वमान्य व्याख्या निश्चित केली. तीत चार पायऱ्या आहेत. पहिलीत हृदय धडधाकट असते, पण माणूस धोक्याच्या वाटेवर असतो. दुसरीत हृदयाच्या रचनेत वा कार्यात बदल झालेला असतो, परंतु त्रास काहीच जाणवत नाही. तिसरीत लक्षणे प्रकट होतात आणि चौथी ही प्रगत अवस्था. पहिल्या दोन पायऱ्यांवरील माणसे वरकरणी निरोगीच दिसतात, आणि सावरण्याची खरी संधीही याच दोन पायऱ्यांवर असते. म्हणूनच त्या ओळखाव्या कशा, हा या लेखाचा विषय.

'फेल्युअर' म्हणजे काय?

'हार्ट फेल' हा शब्द ऐकताच हृदय बंद पडले, असे आपण समजतो. तसा त्याचा अर्थ नाही. हृदय चालूच असते, मात्र शरीराच्या गरजेइतके रक्त पुरविणे त्याला जमत नाही, किंवा ते पुरविण्यासाठी त्याला आतील दाब वाढवून काम करावे लागते. हा दाब मागे फुफ्फुसांत पोहोचला की धाप लागते. शरीरात पाणी साचले की पावले सुजतात. हृदयाघात, म्हणजे हार्ट अ‍ॅटॅक, हा वेगळा. त्यात हृदयाच्याच रक्तवाहिनीत अडथळा येऊन स्नायूचा एखादा भाग मरतो. हृदयाघातामुळे पुढे फेल्युअर होऊ शकते, पण फेल्युअर होण्यास हृदयाघात झालाच पाहिजे असे नाही.

'उम्र का तकाज़ा'

लखनौमध्ये गोमतीचा पूल ओलांडून आले की निशातगंजची दाट वस्ती लागते. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे, अरुंद आणि उभे जिने. येथे बँकेत काम करताना नोव्हेंबर महिना विशेष लक्षात राहतो, कारण निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला देण्यासाठी याच महिन्यात येतात. २०१४ पासून हा दाखला डिजिटल पद्धतीनेही देता येतो, तरी कित्येक ज्येष्ठ मंडळी आवर्जून शाखेत येतात. चार पायऱ्या चढून काउंटरशी आल्यावर काहींना बोलण्याआधी क्षणभर थांबून श्वास घ्यावा लागतो. "बाबूजी, बसा जरा, पाणी घ्या," असे म्हटले की उत्तर ठरलेले, "कुछ नहीं बेटा, उम्र का तकाज़ा है."

या 'तकाज़ा' शब्दाचे मराठीतील रूप म्हणजे आपला 'तगादा'. लखनवी बोलीत तो वयाची मागणी असा सौम्य अर्थ सांगतो, तर आपल्याकडे तो थकलेल्या देण्याची आठवण करून देतो. जिना चढताना लागणारी धाप ही प्रत्येक वेळी वयाची मागणी नसते. कधी कधी तो हृदयाचा तगादा असतो. वयाच्या नावावर खर्ची टाकल्यामुळे तो वाचलाच जात नाही. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत हे फार घडते, आणि त्यामागे एक गणित आहे.

एकच गुणोत्तर, दोन वेगळे आजार

हृदयाचा खालचा डावा कप्पा, म्हणजे डावी जवनिका, हा आपल्या शरीराचा मुख्य पंप. तो रक्ताने भरतो आणि आकुंचन पावून ते पुढे ढकलतो. भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडले, या प्रमाणास 'इजेक्शन फ्रॅक्शन' म्हणतात. टू-डी एको तपासणीच्या अहवालात 'ई. एफ.' म्हणून लिहिलेला आकडा तो हाच. निरोगी हृदयात तो १०० टक्के कधीच नसतो, साधारणतः ५५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतो.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास गुणोत्तर म्हटले की पहिला प्रश्न सुचतो तो छेदाचा. समजण्यासाठी तीन हृदये घेऊ. पहिले निरोगी, ११० मिलिलिटर भरते आणि ६६ बाहेर टाकते. प्रमाण ६० टक्के. दुसरे पसरून सैल झालेले, १८० भरते पण ५४ च बाहेर टाकते. प्रमाण ३० टक्के. तिसऱ्याची भिंत जाड आणि ताठर, त्यात ७५ च मावते आणि ४५ बाहेर पडते. प्रमाण पुन्हा ६० टक्के! अहवालातील आकडा पहिल्या हृदयाइतकाच उत्तम, पण प्रत्यक्ष पुरवठा तिन्हींत सर्वांत कमी. छेदच लहान झाल्याने गुणोत्तर शाबूत राहिले आहे. शिवाय ताठर कप्पा भरण्यासाठी लागणारा वाढीव दाब मागे फुफ्फुसांवर पडतो, तो वेगळाच. प्रत्यक्षात प्रत्येक रुग्णाचे आकडे असेच नसतात. कित्येकांना विश्रांतीच्या वेळी काहीही जाणवत नाही आणि चढ चढतानाच दाब वाढतो. परंतु तत्त्व हेच.

यावरून फेल्युअरचे दोन मुख्य प्रकार पडतात. ई. एफ. ४० टक्के वा त्याहून कमी असेल तर ते 'दुबळे हृदय' म्हणू. ५० टक्के वा अधिक असूनही फेल्युअर असेल तर ते 'ताठर हृदय'. ४१ ते ४९ हा मधला पट्टा. दुसऱ्या प्रकारात वयस्कर स्त्रियांचे प्रमाण मोठे असते. "एको नॉर्मल आहे" या एका वाक्यावर त्यांची धाप वर्षानुवर्षे वयाच्या खात्यावर जमा होत राहते, ती या शाबूत गुणोत्तरामुळे.

कोणाची वाट कोणत्या दिशेने?

धोका आधीच वर्तविण्याचे शास्त्र अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या लहानशा गावात आकारास आले. तेथे १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली. कोणास पुढे हृदयविकार होतो आणि कोणास नाही, हे वर्षानुवर्षे टिपत गेल्यावर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचे महत्त्व आकड्यांनी सिद्ध झाले. आज सर्वांच्या तोंडी असलेला 'रिस्क फॅक्टर' हा शब्द याच अभ्यासामुळे रूढ झाला.

फेल्युअरच्या दोन प्रकारांचा स्वतंत्र अंदाज बांधण्याचा मोठा प्रयत्न २०१६ साली प्रसिद्ध झाला. फ्रेमिंगहॅमसह अमेरिका आणि नेदरलँड्समधील चार दीर्घकालीन अभ्यासांतील २८,८२० व्यक्तींची माहिती त्यात एकत्र करण्यात आली. सुमारे १२ वर्षांच्या काळात त्यांपैकी ९८२ जणांना ताठर आणि ९०९ जणांना दुबळ्या हृदयाचे फेल्युअर झाले. ताठर हृदयाचा अंदाज बांधण्यास सहा गोष्टी पुरेशा ठरल्या. वय, लिंग, वरचा रक्तदाब, उंचीच्या मानाने वजन, रक्तदाबाची औषधे चालू आहेत का, आणि पूर्वी हृदयाघात झाला होता का. दुबळ्या हृदयासाठी यांत आणखी चार गोष्टींची भर पडली. धूम्रपान, मधुमेह, आणि ई.सी.जी.त दिसणाऱ्या दोन खुणा, म्हणजे डाव्या कप्प्याची वाढलेली जाडी आणि 'लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक' नावाचा विद्युत अडथळा.

दोन्ही प्रकारांची तुलना केली असता वाढत्या वयाचा कल ताठर हृदयाकडे अधिक दिसला. पुरुष असणे, पूर्वीचा हृदयाघात, धूम्रपान आणि ई.सी.जी.तील त्या दोन खुणा यांचा कल दुबळ्या हृदयाकडे अधिक होता. लठ्ठपणा आणि बैठी जीवनशैली यांचे नाते ताठर हृदयाशी विशेष घट्ट असल्याचे इतर अभ्यासांतून दिसून आले आहे. कारणही समजण्याजोगे आहे. हृदयाघातात स्नायू मरून तेथे व्रण उरतो, म्हणून पंप दुबळा होतो. उलट वर्षानुवर्षे वाढीव रक्तदाबाविरुद्ध काम करणारी भिंत, व्यायामशाळेतील दंडाप्रमाणे, जाड होत जाते. लठ्ठपणा आणि मधुमेह यांच्या सोबतीने ती ताठरही होते.

अशा अंदाजांची अचूकता किती? पुढे आजारी पडलेली एक आणि न पडलेली एक, अशा व्यक्तींच्या १०० जोड्या घेतल्या तर सुमारे ८० जोड्यांत या गणिताने आजारी पडणाऱ्यालाच अधिक धोका दाखविला. ही कामगिरी चांगलीच म्हणावी लागेल. उरलेल्या २० जोड्यांचेही भान मात्र ठेवले पाहिजे. उत्तम पतगुणांकन असलेला ऋणकोही कधी थकतो आणि कमी गुणांचा प्रामाणिकपणे फेडतो. गुणांकन समूहाबद्दल बोलते, व्यक्तीचे भविष्य लिहीत नाही.

आपल्या देशाचे चित्र

भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदवही तयार झाली. तिच्या समन्वयाचे काम तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने केले. २०१९-२० या काळात ५३ रुग्णालयांतील १०,८५१ रुग्णांची नोंद तीत झाली. रुग्णांचे सरासरी वय ६० च्या आतच होते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा आजार सुमारे दहा वर्षे आधी गाठतो. म्हणजे निवृत्तीच्या आधीच, मुलांची शिक्षणे आणि गृहकर्जाचे हप्ते चालू असताना. सुमारे ७२ टक्के रुग्णांत मूळ कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार हे होते. सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांचे हृदय 'दुबळे' या वर्गातील होते. रुग्णालयात दाखल झाल्यापासून ९० दिवसांत १४ टक्के रुग्ण दगावले. हा आकडा वाचल्यावर पहिल्या दोन पायऱ्यांचे मोल वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

उत्तर प्रदेशासारख्या राज्यात एक तिसरी वाटही विसरून चालत नाही. बालपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर होणारा र्‍हुमॅटिक ताप हृदयाच्या झडपा खराब करतो आणि तरुण वयातच फेल्युअर ओढवतो. लहानपणी सांधे सुजून ताप आल्याचा इतिहास असेल, तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

बारीक माणसाने निर्धास्त राहावे का?

याचे उत्तर पुण्यातून मिळाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःच्याच शरीरांची तुलना 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. दोघांचा बी.एम.आय., म्हणजे उंची-वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना एकाच तागडीत बसवीत होता, पण शरीराची घडण निराळी होती. 'बारीक दिसणारा, पण चरबीयुक्त भारतीय' ही कल्पना यामुळे जगापुढे ठसठशीतपणे आली.

भारतासह आशियातील ११ देश-प्रदेशांत झालेल्या 'एशियन-एच.एफ.' या नोंदणीत फेल्युअरच्या रुग्णांचे पाच गट आढळले. त्यांपैकी एक गट चक्क 'बारीक बांध्याचे मधुमेही' असा होता. म्हणून आपल्याकडे बी.एम.आय. २३ च्या पुढे गेला की सावध व्हावे, असे मानतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा. त्यासाठी घरातील शिवणकामाची फीतही पुरते.

आनुवंशिकतेचाही वाटा आहे. हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरांची त्रुटी असलेले लोक भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के आहेत आणि त्यांना उत्तर आयुष्यात फेल्युअरचा धोका अधिक असतो, असे हैदराबादच्या सी.सी.एम.बी. संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या संशोधनाने २००९ साली दाखवून दिले. वडील, काका, आत्या यांच्यापैकी कोणास कमी वयात हृदयाचा त्रास झाला होता, ही कौटुंबिक माहिती म्हणूनच मोलाची ठरते.

गुणांकनाची साधने

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ साली 'प्रिव्हेंट' नावाची समीकरणे जाहीर केली. ६० लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीवर ती आधारलेली आहेत. ३० ते ७९ वर्षे वयाच्या व्यक्तीचा पुढील दहा वर्षांतील धोका त्यांतून काढता येतो, आणि त्यात फेल्युअरचा धोका स्वतंत्रपणे मिळतो. मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेचाही त्यात समावेश आहे. मात्र फेल्युअर दुबळे की ताठर, हे ती सांगत नाहीत.

आधीच धाप लागणाऱ्या रुग्णात ताठर हृदयाची शक्यता तपासण्यासाठी मेयो क्लिनिकच्या तज्ज्ञांनी २०१८ साली नऊ गुणांची पद्धत सुचविली. तीत अनियमित नाडीस, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनला, तीन गुण आणि ३० वरील बी.एम.आय.ला दोन गुण आहेत. रक्तदाबाच्या दोन वा अधिक गोळ्या आणि साठीपुढील वय यांना एकेक गुण आहे. उरलेले दोन गुण एकोवरील मोजमापांचे.

ही साधने परदेशी माहितीवर बेतलेली आहेत, याचा विसर पडू नये. एका प्रांताच्या कर्जदारांवरून तयार केलेले गुणपत्रक दुसऱ्या प्रांतात जसेच्या तसे वापरू नये, हा नियम येथेही लागू पडतो. ३० बी.एम.आय.ची अट बारीक बांध्याच्या भारतीयास सहज निसटू देईल. म्हणून गुणांची बेरीज करावी, पण निर्णय आपल्या डॉक्टरांवर सोपवावा.

शंका असल्यास एन.टी.-प्रो-बी.एन.पी. ही रक्ततपासणी उपयुक्त ठरते. हृदयाच्या भिंतीवर ताण पडला की हे द्रव्य रक्तात वाढते. आयर्लंडमधील १,३७४ धोकाग्रस्त व्यक्तींवरील 'स्टॉप-एच.एफ.' या प्रयोगाने २०१३ साली दाखवून दिले, की याच जातीच्या बी.एन.पी. चाचणीने चाळणी करून वेळीच लक्ष दिल्यास हृदयाचे बिघाड कमी होतात. लठ्ठ व्यक्तीत हा आकडा मुळात कमी येतो, म्हणून एकट्या आकड्यावर विसंबू नये.

सावरता येते का?

अंदाजाला अर्थ येतो तो पुढे काही करता येत असेल तरच, आणि येथे बातमी आशादायक आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्प्रिंट' या प्रयोगात पन्नाशी गाठलेले, मधुमेह नसलेले ९,३६१ रक्तदाबाचे रुग्ण सहभागी होते. वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचे लक्ष्य ज्यांना दिले, त्यांच्यात फेल्युअरचे प्रमाण ३८ टक्क्यांनी कमी आढळले. अर्थात या गटात रक्तदाब फार उतरण्याचे प्रकारही अधिक घडले, म्हणून लक्ष्य डॉक्टरांनीच ठरवावे.

ताठर हृदयावर ठामपणे उपयोगी पडणारे औषध दीर्घकाळ सापडत नव्हते. मूळची मधुमेहावरील असलेली 'एम्पाग्लिफ्लोझिन' ही गोळी अशा रुग्णांचे रुग्णालयात दाखल होणे कमी करते, हे २०२१ साली सिद्ध झाले. मार्च २०२५ मध्ये तिचे भारतातील पेटंट संपले आणि अनेक भारतीय कंपन्यांनी ती पुष्कळ कमी किमतीत बाजारात आणली. दुबळ्या हृदयासाठी तर चार गटांतील औषधे उपलब्ध आहेत. तरीही राष्ट्रीय नोंदवहीत सुमारे निम्म्याच रुग्णांना ती शास्त्रोक्त पद्धतीने मिळत असल्याचे आढळले.

निशातगंजच्या रहिवाशास तज्ज्ञ शोधण्यास दूर जावे लागत नाही. गोमतीपलीकडे किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचे लारी कार्डिओलॉजी केंद्र आहे, रायबरेली मार्गावर संजय गांधी संस्था आहे आणि गोमतीनगरात राममनोहर लोहिया संस्था आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. परंतु हे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. पहिल्या दोन पायऱ्यांवरील तपासण्यांचा खर्च बहुधा आपल्यालाच करावा लागतो, आणि तो तुलनेने अत्यल्प असतो.

वार्षिक पडताळणी

आर्थिक वर्षाच्या अखेरीस आपण खात्यांची पडताळणी करतो. तशीच चाळिशीनंतर वर्षातून एकदा पुढील नोंदी एका वहीत कराव्यात :

१. रक्तदाब, आणि त्यासाठी किती गोळ्या चालू आहेत.
२. कमरेचा घेर आणि वजन.
३. रक्तशर्करा, कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिन.
४. ई.सी.जी., आणि नाडी नियमित आहे का.
५. पूर्वीचा हृदयाघात, तंबाखू वा धूम्रपान, कुटुंबातील इतिहास.
६. गतवर्षी न थांबता चढलेला जिना यंदाही तसाच चढता येतो का. उशा वाढवून झोपावे लागते का. संध्याकाळी पावले सुजतात का.

सहाव्या प्रश्नाचे उत्तर बदलले असेल, तर एकोतील ई. एफ. उत्तम असला तरी डॉक्टरांना 'ताठर हृदयाची शक्यता आहे का?' असे स्पष्टपणे विचारावे. दिवसभरातील मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, अधिक नसावे ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. लोणचे, पापड आणि नमकीन यांतील मीठही या हिशेबात धरावे. उत्तरेकडील डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो, म्हणून त्या दिवसांत औषधांत खंड पडू देऊ नये.

शाखेत येणाऱ्या ज्येष्ठ ग्राहकास खुर्ची आणि पाणी देणे हा आपला शिष्टाचार आहेच. त्याच्या जोडीला, "बाबूजी, ही धाप गेल्या वर्षी होती का?" एवढा एक प्रश्न आपण सहज विचारू शकतो. उत्तर 'नाही' असे आले, तर त्यांच्या मुलाला वा सुनेला ते सांगून तपासणीची आठवण करून द्यावी. त्यास फार तर एक मिनिट लागेल.